रोझाल्बाची रंगपेटी

द्वितीय वर्ष, बी. कॉम.

नववीत असताना मी एका चित्रकला स्पर्धेत भाग घेतला होता. विषय होता 'बाजारातील दृश्य'. मी भाजीवालीचे चित्र काढले आणि ते रंगीत पेन्सिलींनी रंगविले, कारण घरात तेवढेच होते. परीक्षक प्रत्येक चित्रापाशी थांबत थांबत आले. माझ्या चित्राजवळ आल्यावर त्यांनी विचारले, की याला रंग कधी देणार? दिलेत, असे मी म्हणाले. त्यावर ते हसले आणि पेन्सिलीने चित्र 'रंगवीत' नसतात, पेन्सिल ही लहान मुलांची, असे सांगून पुढे गेले. बक्षीस मिळाले नाही त्याचे मला काही वाटले नाही. पण ते वाक्य मात्र मी पाच वर्षे बाळगून आहे. दहावीनंतर काकांच्या सांगण्यावरून मी कॉमर्सला आले आणि पेन्सिलींचा डबा माळ्यावर गेला.

तो डबा पुन्हा खाली आला तो रोझाल्बा कारिएरा या बाईमुळे. आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर अजूनही रस्त्यात भेटले की थांबून बोलतात. त्यांना मी एकदा वरची हकिकत सांगितली, तेव्हा त्यांनी मला हे एक नाव लिहून दिले आणि हिची चित्रे बघ, मग मला येऊन सांग, असे म्हणाले. मी ग्रंथालयात पाश्चात्त्य कलेची जाड पुस्तके चाळून तिची चित्रे पाहिली, तिच्याविषयी मिळेल ते वाचले. हा लेख म्हणजे सरांना द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे. एवढ्या मोठ्या बाईंचा उल्लेख मी 'ती' असा करणार आहे, त्याबद्दल जाणकारांनी रागावू नये. माझ्या आजीलाही मी 'ती'च म्हणते.

रोझाल्बाचा जन्म १६७३ साली व्हेनिसमध्ये झाला. वडील आंद्रेआ हे व्हेनिसच्या प्रजासत्ताकाच्या नोकरीत कारकून होते. आई आल्बा लेस विणण्याचे काम करी. तीन बहिणी : रोझाल्बा, आंजेला आणि जोव्हान्ना. घर खाऊनपिऊन सुखी म्हणावे इतकेही नसावे, पण मुलींना शिकविले होते. रोझाल्बाला संगीत येत होते, ती व्हायोलिन वाजवी, फ्रेंचही तिला अवगत होते.

व्हेनिसची लेस एके काळी साऱ्या युरोपात विकली जाई. पुढे फ्रान्सने आपल्याच देशात लेसचे कारखाने काढले, फॅशन पालटली आणि व्हेनिसच्या बायकांचे काम कमी होत गेले. ही गोष्ट वाचताना मला व्हेनिसऐवजी आमचे वडगावच दिसू लागले. आमच्या गल्लीत पूर्वी घरोघरी मागाचा खडखडाट असे. सुरतेच्या साड्या स्वस्तात येऊ लागल्या आणि एकेक माग बंद होत गेला. माझे बाबाही मागावरच वाढले. तेव्हा धंदा बसतो म्हणजे काय होते, हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

रोझाल्बा लहानपणी आईसाठी लेसचे नमुने काढून देत असे, असे सांगतात. लेसचे काम आटल्यावर तिने तपकिरीच्या डब्या धरल्या. त्या काळी युरोपात तपकीर ओढणे हे सभ्यतेचे लक्षण होते. (आमच्या आजोबांच्या डबीला हा मान कधी मिळाला नाही.) व्हेनिसला येणारे परदेशी प्रवासी आठवण म्हणून डब्या नेत आणि त्यांच्या झाकणात लहानसे चित्र बसविलेले असे. रोझाल्बा ही चित्रे काढू लागली. पूर्वी असली सूक्ष्मचित्रे कातड्याच्या पातळ पापुद्र्यावर काढीत. तिने ती हस्तिदंताच्या चकतीवर काढली, आणि हे करणाऱ्या अगदी पहिल्या चित्रकारांत तिची गणना होते. हस्तिदंताला मुळातच एक उजळ, किंचित पिवळसर झाक असते. तिच्यावर जलरंगाचा पातळ हात दिला की खालचा दंत त्वचेसारखा दिसू लागतो. म्हणजे गालाचा रंग तिला निम्मा आयताच मिळाला. बाजारात हजारो डब्या असताना आपलीच डबी का विकली जावी, याचे उत्तर तिने असे शोधले. १७०५ साली रोमच्या सेंट ल्यूक अकादमीने तिला सदस्यत्व दिले, तेही हस्तिदंतावरच्या चित्रासाठी. कबूतर हाती धरलेल्या मुलीचे ते चित्र आहे.

पण तिचे खरे नाव झाले ते खडूमुळे.

येथे थोडे थांबून सांगितले पाहिजे. आपण शाळेत वापरतो ते तेलखडू वेगळे आणि रोझाल्बाचे पेस्टल वेगळे. पेस्टल म्हणजे शुद्ध रंगाची पूड, तिच्यात पांढरी माती किंवा चुनखडीची पूड आणि डिंकाचे अगदी थोडे पाणी. हे मळून त्याच्या कांड्या वळायच्या आणि वाळवायच्या. डिंक जास्त झाला तर कांडी दगडासारखी होऊन कागदावर ओरखडे काढते, कमी झाला तर हातातच भुगा होतो. अशा खडूंनी चित्रकार पूर्वीही काम करीत, पण ते मुख्यतः कच्चे रेखाटन करण्यासाठी. खरे चित्र म्हणजे तैलचित्र, असा समज होता.

तैलरंगात दोन रंग पाटीवर कालवून हवी ती छटा करता येते. खडूत ते जमत नाही. एक तर हव्या त्या प्रत्येक छटेची वेगळी कांडी पाहिजे, नाहीतर कागदावरच एका रंगावर दुसरा चढवून ते एकजीव करायला हवेत. ते एकजीव करण्यासाठी बोट वापरतात, किंवा कागदाची वा कातड्याची घट्ट गुंडाळी करून टोक काढलेली कांडी. रोझाल्बा बहुतेक निळसर कागदावर काम करी. चेहऱ्यावर गुलाबी, पिवळट, करडा असे खडू फिरवून ती ते इतके मऊ मिसळी, की गाल कोठे संपतो आणि सावली कोठे सुरू होते ते सांगता येत नाही. निळसर कागद आणि करडी छटा यांमुळे कातडीखालून रक्त वाहत असल्याचा भास होतो. एवढे झाल्यावर मात्र ती बोट आवरते. केस, कपडे आणि लेस यांच्यासाठी ती कोरडा पांढरा खडू आडवा धरून, मिसळलेल्या थरावरून हलकेच ओढते. खडू कागदाच्या उंचवट्यांना लागतो, खळग्यांत जात नाही, आणि लेसची जाळी आपोआप उमटते. लेस विणणाऱ्या बाईच्या मुलीने लेस अशी दोन फटकाऱ्यांत काढावी, याचे मला फार नवल वाटले.

माझ्या मते तिची खरी विद्या ही आहे : कोठे मिसळायचे आणि कोठे मुळीच मिसळायचे नाही. सगळेच घासून गुळगुळीत केले की चित्र मेणाच्या बाहुलीसारखे दिसते. मी स्वतः प्रयोग करून हे पाहिले. रंगीत पेन्सिलीत डिंकाऐवजी मेण असते, त्यामुळे बोटाने घासून काही उपयोग होत नाही. बोटाचे तेल लागून कागद मात्र तेलकट होतो. पेन्सिलीचे रंग एकमेकांत मिसळायचे तर हात हलका ठेवून, टोक बारीक करून, एकावर एक पातळ थर द्यावे लागतात. आधी फिका रंग, मग गडद, मग पुन्हा फिका. शेवटी पांढऱ्या पेन्सिलीने दाब देऊन घोटले की खालचे थर एक होतात, पण त्यानंतर कागद दुसरा रंग घेत नाही, म्हणून ती घाई करू नये. कापसाच्या बोळ्याला टर्पेंटाइनचा एक थेंब लावून फिरविला तरी मेण विरघळते आणि रंग पसरतो. (हा प्रयोग खिडकी उघडी ठेवून करावा. आई दोन दिवस बोलत होती.) नववीतल्या माझ्या भाजीवालीचा चेहरा विटेसारखा का दिसत होता, ते आता मला कळते. मी एकच तपकिरी पेन्सिल जोर लावून फिरविली होती. परीक्षक सगळेच चुकीचे बोलले असे नाही. पण दोष पेन्सिलीचा नव्हता.

पुन्हा रोझाल्बाकडे वळू. १७०९ च्या सुमारास डेन्मार्कचा राजा चौथा फ्रेडरिक व्हेनिसला आला आणि त्याने तिला व्हेनिसमधील बारा सुंदर स्त्रियांची लहान चित्रे करण्यास सांगितले. मग काय, राजेरजवाड्यांची रीघ लागली. प्रवासाला निघालेले इंग्रज उमराव तिच्याकडे आपले चित्र काढून घेतल्याशिवाय परत जाईनात. पेस्टल त्यांना सोयीचे होते. तैलचित्र वाळायला वेळ लागतो, पुनःपुन्हा बसावे लागते. खडूचे काम वाळायचे नसतेच. गिऱ्हाईक गावात चार दिवस असले तरी काम पुरे होई. सॅक्सनीचा राजपुत्र, जो पुढे पोलंडचा राजा तिसरा ऑगस्टस झाला, तो तर तिच्या चित्रांचा इतका लोभी की अखेरीस ड्रेस्डेनमध्ये त्याच्याकडे तिची दीडशेहून अधिक चित्रे जमली होती.

आता मी कॉमर्सची विद्यार्थिनी असल्याने ज्या प्रकरणावर अधिक रेंगाळणार आहे, ते म्हणजे पॅरिस. पियेर क्रोझा नावाचा एक धनाढ्य फ्रेंच संग्राहक व्हेनिसमध्ये तिला भेटला होता. त्याच्या आग्रहावरून १७२० च्या वसंतात रोझाल्बा आई आणि बहिणींना घेऊन पॅरिसला गेली. वडील आदल्याच वर्षी वारले होते. आंजेलाचा नवरा जोव्हान्नी आन्तोनियो पेल्लेग्रीनी हाही चित्रकार होता आणि त्याला तेथे एक मोठे काम मिळाले होते. कोणते? तर जॉन लॉच्या बँकेचे छत रंगविण्याचे.

जॉन लॉ हे नाव आमच्या बँकिंगच्या तासाला येऊन गेले आहे. या स्कॉटिश गृहस्थाने फ्रान्समध्ये कागदी नोटा काढणारी बँक स्थापन केली आणि मिसिसिपीच्या खोऱ्यातील व्यापाराची मक्तेदारी असलेल्या कंपनीशी ती जोडली. पाचशे लिव्हरचा शेअर दहा हजारांपर्यंत चढला. नोकर मालकांपेक्षा श्रीमंत झाले. रोझाल्बा पॅरिसला पोहोचली तेव्हा हा फुगा अगदी ताणलेला होता, आणि तिच्या डोळ्यांदेखत त्याच वर्षी तो फुटला. डिसेंबरात लॉ देश सोडून पळाला. पेल्लेग्रीनीचे भव्य छतही थोड्याच वर्षांत नष्ट करण्यात आले. रोझाल्बाने लॉच्या मुलाबाळांची चित्रे काढली होती. बँक गेली, छत गेले. जे नुसत्या फुंकरीने उडावे ते खडूचे काम मात्र काचेमागे टिकले.

या काळात तिने एक रोजनिशी ठेविली होती. ती पुढे छापलीही गेली. मनातले काही सापडेल म्हणून जो ती उघडील त्याची निराशा व्हावी : आज अमक्याचे चित्र सुरू केले, तमक्याच्या घरी गेले, अमक्याने भेट दिली. व्यवहारी, तुटक नोंदी. अभ्यासक त्यावर नाराज असतात म्हणे. मला मात्र ती आवडली, कारण ती रोजनिशी नसून रोजकीर्द आहे. वडिलांमागे आई आणि अविवाहित बहीण यांचा भार असलेल्या, परक्या गावी आपल्या हातावर पोट असलेल्या बाईने दुसरे काय लिहायचे? माझे बाबा मागाच्या हिशोबाची जी वही ठेवतात, तीत तरी कोठे त्यांचे मन लिहिलेले असते?

पॅरिसमध्ये तिने दहा वर्षांच्या पंधराव्या लुईचे चित्र काढले. ऑक्टोबर १७२० मध्ये फ्रान्सच्या राजकीय चित्रकला अकादमीने तिला सदस्य करून घेतले. याच अकादमीने १७०६ साली यापुढे स्त्रियांना प्रवेश द्यायचा नाही असे ठरविले होते. रोझाल्बासाठी तो नियम बाजूला ठेवला गेला. नियम मात्र मोडीत निघाला नाही, हेही लक्षात ठेवावे. अकादमीसाठी तिने पाठविलेले चित्र, हाती पानांचा मुकुट घेतलेली अपोलोच्या परिवारातील एक अप्सरा, आज लूव्हरमध्ये आहे. पॅरिस सोडण्यापूर्वी, १७२१ च्या फेब्रुवारीत, तिने वातो या चित्रकाराचे चित्र काढले. तो तेव्हा क्षयाने खंगलेला होता आणि त्याच जुलैत, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी गेला.

मार्च १७२१ मध्ये ती परत निघाली. पॅरिसला राहून ती अधिक श्रीमंत झाली असती, पण तिने व्हेनिस निवडले. मागे तिने पेस्टलची गोडी पेरली होती. मोरिस कँतँ द ला तूर हा फ्रान्सचा पुढील काळातील सर्वांत मोठा पेस्टल चित्रकार तिच्याच वाटेने गेला. पुढे १७२३ मध्ये मोडेनाच्या राजकन्यांची चित्रे काढण्यासाठी आणि १७३० मध्ये व्हिएन्नाला सम्राट सहाव्या चार्ल्सच्या दरबारी, असे दोन प्रवास तिने केले. बाकी सगळे आयुष्य मोठ्या कालव्याकाठच्या तिच्या घरात, आई आणि जोव्हान्ना यांच्यासह गेले. तिने लग्न केले नाही.

या जोव्हान्नाविषयी पुस्तकांत दोन-चार ओळींपलीकडे काही नसते, याची मला हळहळ वाटते. ती रोझाल्बाची मदतनीस होती. कागद तयार करणे, चित्रांच्या प्रती करणे, कपड्यांचे काम पुरे करणे, यांत तिचा हात असे. फ्लॉरेन्सच्या उफिझी संग्रहात रोझाल्बाचे एक आत्मचित्र आहे. त्यात तिच्या एका हातात खडू आहे आणि दुसऱ्या हाताने तिने एक चित्र धरले आहे. ते चित्र बहिणीचे आहे. स्वतःचा चेहरा तिने मुळीच खुलविलेला नाही : रुंद जिवणी, ठसठशीत नाक. गिऱ्हाइकांना तिने जो गुलाबी मुलायमपणा उदारपणे वाटला, तो स्वतःला दिला नाही. स्वतःसाठी ती खडू कमी मिसळते, असे मला ही चित्रे शेजारी ठेवून पाहताना वाटले.

१७३७ मध्ये जोव्हान्ना वारली, पाठोपाठ पुढच्या वर्षी आई. रोझाल्बा इतकी खचली की काही काळ तिने काम सोडले. १७४१ मध्ये पेल्लेग्रीनी वारल्यावर विधवा आंजेला तिच्याकडे राहायला आली. आणि मग डोळे जाऊ लागले. हस्तिदंताच्या नखाएवढ्या चकतीवर पापण्यांचे केस काढण्यात तारुण्य घालविलेल्या डोळ्यांनी याहून अधिक काय करायचे होते! १७४६ च्या सुमाराचे तिचे एक आत्मचित्र व्हेनिसच्या अकादमी संग्रहात आहे. पांढरे झालेले केस, त्यांवर पानांचा मुकुट, सारे चित्र करड्या आणि तपकिरी रंगांत. त्यात गुलाबी असा खडू जवळजवळ नाहीच.

मोतीबिंदूवर तिने शस्त्रक्रिया करून घेतली. त्या काळची रूढ शस्त्रक्रिया म्हणजे भूल न देता डोळ्यात सुई घालून गढूळ झालेले भिंग बाजूला सारायचे. आपल्याकडे सुश्रुतसंहितेतही तिचे वर्णन आहे. १७४९ साली तिला काही काळ पुन्हा दिसू लागले. १७५१ पर्यंत ते दिसणेही गेले, आणि पुढची सहा वर्षे, १५ एप्रिल १७५७ रोजी मरण येईपर्यंत, ती पूर्ण अंधारात होती. या सहा वर्षांत तिने बोटांनी खडू चाचपून पाहिले असतील का? बोटांना तर सगळे पाठ होते. पण रंग बोटाला कळत नाही.

तिच्यामागे लोकांना तिची चित्रे फार गोड, फार नाजूक वाटू लागली आणि फ्रान्समधील राज्यक्रांतीनंतर पेस्टलची ती फॅशनच ओसरली. ड्रेस्डेनच्या दीडशेपैकी सत्तरहून अधिक चित्रे आजही तेथे आहेत. पेस्टल हलविणे धोक्याचे. गाडीच्या धक्क्यानेही पूड झडू शकते. म्हणून तिला पाहायचे तर आपणच तिच्या दारी जायला हवे. मला ते जमेल तेव्हा जमेल.

माझ्या आजीच्या डोळ्याचे ऑपरेशन गेल्या वर्षी झाले. सकाळी गेली, दुपारी घरी आली, आणि पट्टी काढल्यावर मला जवळ बोलावून म्हणाली की पोरी, तू तर सावळी आहेस की! इतके दिवस तिला मी गोरी वाटत होते. दिवाळीच्या सुटीत मी डबा खाली काढला आणि तिला खिडकीपाशी बसवून तिचे चित्र सुरू केले आहे. कन्नड विभागातली माझी मैत्रीण येऊन पाहून गेली आणि त्याला अजून 'बण्ण' कमी आहे, असे सांगून गेली. तिचे बरोबर आहे. सुरकुत्या न घासता ठेवायच्या आणि गाल मिसळायचा, एवढे कळले आहे. उजवा गाल साधला, आठ थर लागले. डाव्या गालावर उजेड पडतो, तो अजून जमलेला नाही.